तिसऱ्या टेबलावरची रतन

गुरुवारची सकाळ. कुकरची दुसरी शिट्टी झाली होती, भेंडी चिरून तयार होती आणि आमचे हे एक मोजा हातात धरून दुसरा शोधत घरभर फिरत होते. दूध वर यायच्या बेतात होतं, म्हणून मी गॅसपाशीच उभी होते. एवढ्यात दारावर थापा पडल्या. आमच्या दाराला बेल आहे, चांगली वाजते. पण ज्याला खरी घाई असते त्याला बेल दिसत नाही.

"बघा हो कोण आहे ते!"

"माझ्या एकाच पायात मोजा आहे," आतून उत्तर आलं. जसं काही एका मोज्यावर दार उघडता येत नाही.

मी गॅस बारीक केला आणि दार उघडलं. दारात रतन. दुसऱ्या मजल्यावरची रतन मेस्त्री. केस अर्धे विंचरलेले, खांद्याला भलीमोठी पिशवी, हातात मोबाईल.

"वहिनी, ती मोरपंखी साडी द्या. लगेच."

"कुठली मोरपंखी?"

"अहो, तुमची. मी नेलेली ना शूटिंगला. मागच्या महिन्यात परत दिली बघा, इस्त्री करून."

मला आठवली. चांगलीच आठवली. आणि माझी नजर नकळत गॅसवरच्या नव्याकोऱ्या स्टीलच्या पातेल्याकडे गेली. रतनही माझ्या नजरेमागोमाग आत आली, पातेल्याकडे बघत राहिली. चौदा वर्षं कारखान्यात मालाची पाठवणी सांभाळलेली बाई. तिला फार सांगावं लागत नाही.

"बोहारणीला दिली?"

"सोमवारी. पाच साड्या आणि ह्यांच्या दोन पँटी."

"अहो वहिनी!" म्हणत रतन तिथेच ओट्याला टेकली. तेवढ्यात दूध उतू गेलं.

आता ही रतन कोण आणि तिला माझी जुनी साडी कशाला हवी, हे सांगायला हवं.

कल्याणकडच्या मानपाड्याला औषधांच्या बाटल्या भरणारा एक कारखाना होता. तिथे रतन मेस्त्री डिस्पॅचला कारकून होती. कुठली पेटी कुठल्या गाडीत गेली, हे ती रजिस्टर न उघडता सांगायची. अडीच वर्षांपूर्वी कारखाना बंद झाला. घरी बसणं तिच्या स्वभावात नाही. दोन महिन्यांत तिने घरातल्या सगळ्या डब्यांवर चिठ्ठ्या चिकटवल्या, जिन्यातल्या मीटरांवर फ्लॅटचे नंबर रंगवले आणि सोसायटीच्या सेक्रेटरीला त्यांच्याच फायलीतल्या अकरा चुका दाखवल्या. सेक्रेटरी तेव्हापासून लिफ्टने जातात. रतन जिन्यात भेटते ना.

मग तिच्या नवऱ्याच्या, म्हणजे परशुराम भाऊजींच्या ओळखीचा कल्याणचा एक माणूस भेटला, पोपट नावाचा. हा पोपट मालिकांना माणसं पुरवतो. लग्नातली गर्दी, दवाखान्यातले पेशंट, देवळातल्या बायका, जे हवं ते. त्याला घोडबंदर रोडवरच्या एका सेटसाठी "ऑफिसमधल्या वाटतील अशा" चार बायका हव्या होत्या. रतन गेली आणि तिथेच बसली. गेली दोन वर्षं बसलीय. मालिकेचं नाव 'आवक-जावक'. एक सरकारी कचेरी, तिथले आळशी कर्मचारी, सतत काहीतरी गोंधळ. रतन तिसऱ्या टेबलावर असते. पुढे मुख्य नट बोलतात, भांडतात, पडतात. मागे रतन मान खाली घालून लिहीत असते. दोन वर्षांत एक शब्द बोललेली नाही.

"बिनपगारी असताना बोलायचीस, आता पगार मिळतो तर गप्प," असं परशुराम भाऊजी म्हणतात. त्यांना मालिका आवडत नाही, पण आठला पाच कमी असताना रिमोट त्यांच्याच हातात असतो.

मागच्या बायकांना कपडे आपापले न्यावे लागतात. दर वेळी तीन साड्या, ऑफिसला शोभतील अशा. रतनच्या स्वतःच्या साड्या चार महिन्यांत संपल्या. म्हणजे होत्या तशाच, पण दाखवून संपल्या. मग तिने आमच्या बी विंगमधून साड्या न्यायला सुरुवात केली. तेव्हापासून आमची अख्खी विंग ही मालिका साड्यांसाठी बघते. "ती बघा, माझी लिंबू कलरची!" असं तळमजल्यावरच्या काकू ओरडतात ते आम्हाला चौथ्या मजल्यावर ऐकू येतं. पुढे कोण काय विनोद करतंय त्याच्याकडे कोणाचं लक्ष नसतं.

माझी मोरपंखीही अशीच गेली होती. "ठेव गं तुझ्याकडेच," मी तिला शंभरदा म्हटलं असेन. पण रतन दुसऱ्याची वस्तू आठ दिवसांवर घरात ठेवत नाही. धुऊन, इस्त्री करून, वर पावती घ्यावी तशी "मिळाली ना?" विचारून परत करते. आणि मी? मी ती कपाटात कोंबली आणि सोमवारी पातेल्यावर दिली.

"पण आज ती कशाला हवी? दुसरी ने. माझी आकाशी ने," मी म्हटलं.

"वहिनी, तीच लागणार. अर्धा सीन तीन आठवड्यांपूर्वी झालाय, अर्धा आज आहे. साहेबांचं काम करतात ना, त्यांना डेंग्यू झालेला, म्हणून राहिला. मी पाठमोरी उठते, तिथवर झालंय. आज मान वळवायची आणि बोलायचं. मोरपंखीत उठले आणि आकाशीत वळले तर कसं दिसेल?"

"काय करायचं?"

"बोलायचं." रतनने मान खाली घातली. "एक वाक्य आहे मला."

माझ्या हातातलं फडकं हातातच राहिलं. "आणि हे तू आत्ता सांगतेयस?"

"झाल्यावर सांगणार होते. होईपर्यंत काय खरं नसतं तिथे." मग ती घाईघाईने म्हणाली, "सेटवरच्या मॅडमचा मेसेज रात्री आलेला, साडीचा. पण मोबाईल आमच्या समीक्षाकडे होता. मी आत्ता बघितला. दहाला बोलावलंय. वेळेत नाही गेले तर वाक्य जाणार, वहिनी. शेवटचा सीन आहे, त्यांना आज संपवायचाच आहे. आणि ते वाक्य माझं आहे."

ते कसं, ते तिने मग रिक्षात सांगितलं. कारण तोवर मी भेंडी तशीच ठेवून, ह्यांना "आज कँटीनमध्येच जेवा" सांगून, तिच्याबरोबर निघाले होते. दुसरा मोजा मिळाला की नाही कोण जाणे.

हौसाबाईचा, म्हणजे आमच्या बोहारणीचा नंबर माझ्याकडे आहे. जुने कपडे साठले की फोन करायचा आणि ती भांड्यांची पाटी घेऊन येते. मी फोन लावला तर म्हणाली, "आज धंदा न्हाई ताई, घरात लग्नाची सुपारी हाय," आणि ठेवून दिला. परत लावला, उचलला नाही. बरं, ती मानपाड्याच्या पुढे, कारखान्यांच्या मागच्या वस्तीत राहते एवढं माहीत होतं. रिक्षावाला म्हणाला, "तिकडे परतीचं भाडं मिळत नाही." मी म्हटलं, "मग इथे उभा राहून मिळतंय का?" तो निघाला.

रिक्षात रतनने सांगितलं ते असं. भागाची गोष्ट होती कचेरीतल्या मोठ्या साहेबांच्या निरोप समारंभाची. सगळे हार आणतात, भाषणं करतात, ज्यांचं साहेबांशी वर्षभर वाकडं होतं तेही रडतात. पण शेवट जमत नव्हता. लेखक, दिग्दर्शक सगळे डोक्याला हात लावून बसले होते. इकडे रतनच्या टेबलावर साहेबांचं सेवापुस्तक ठेवलेलं, खोटंच, सजावटवाल्यांनी तयार केलेलं. समोर कागद आहे आणि रतन वाचत नाही असं होणार नाही. तिने जन्मतारीख वाचली, बोटांवर हिशेब केला आणि चहा घ्यायला उठली तेव्हा संचिता मॅडमना म्हणाली, "मॅडम, ह्यांना अठ्ठावन्न व्हायला अजून एक वर्ष आहे. ह्यांना आत्ताच कुठे घालवताय?"

संचिता ही दिग्दर्शकाची सहायक, चोवीस-पंचवीस वर्षांची पोरगी. ती आधी "तारीख बदलायला सांगते" म्हणाली. मग थांबली. मग धावत आत गेली. आतून दिग्दर्शकाच्या हसण्याचा आवाज आला आणि भागाचा शेवट ठरला. हार घातले, भाषणं झाली, साहेब डोळे पुसत दारापर्यंत पोहोचले, आणि दोन वर्षं एक शब्द न बोललेली तिसऱ्या टेबलावरची बाई सेवापुस्तक हातात घेऊन उठते नि म्हणते, "साहेब, तुमची तारीख पुढच्या वर्षीची आहे."

"हे तुझंच वाक्य आहे की गं मग," मी म्हटलं.

"तेच तर सांगतेय मघापासून."

हौसाबाईची खोली सापडायला अर्धा तास गेला. कोणी म्हणे टाकीपाशी, कोणी म्हणे टाकीच्या मागे, आणि टाक्या दोन. शेवटी एका दारात कपड्यांची गाठोडी छतापर्यंत रचलेली दिसली. दाराला तोरण होतं. आणि उंबऱ्यात हौसाबाई उभी होती. अंगावर माझी मोरपंखी, केसांत गजरा, कपाळावर रुपयाएवढं कुंकू.

आम्ही दोघी बघतच राहिलो. तिला वाटलं, कौतुकाने बघतोय. तिने एक गिरकी घेतली.

"कशी दिसतीय? तुमचीच हाय, ताई. भावाच्या पोरीची सुपारी हाय आज. म्हटलं, ही इकायची न्हाई."

"छान दिसतेय," मी म्हटलं, "पण परत दे."

"काय?"

"परत दे गं. पातेलं देते तुझं परत. वर अजून दोन साड्या देते."

हौसाबाईचं हसू गेलं आणि धंदा चेहऱ्यावर आला. "ताई, असं न्हाई चालत. भांडं घरात गेलं की कपडा आमचा. आज तुम्ही पातेलं आणाल, उद्या तुमची शेजारीण परात आणंल. मी कुठं बसू?"

"अगं, पातेलं अगदी नवं आहे."

"त्यात दूध तापवलं असंल."

त्याच सकाळी त्या पातेल्यातून अर्धा लिटर दूध उतूसुद्धा गेलं होतं.

मग रतन पुढे झाली. ती कधीही गयावया करत नाही. कारखान्यात ट्रकवाल्याशी बोलायची तसं बोलते. "मावशी, दोन मिनिटं ऐका. मी टीव्हीत काम करते. ह्या साडीत अर्धं काम झालंय. अर्धं आज आहे. साडी नसेल तर माझं काम दुसरीला जाईल."

"टीव्हीत? कुठल्या?"

"आवक-जावक."

हौसाबाईने रतनला वरपासून खालपर्यंत न्याहाळलं. एकदा या बाजूने, एकदा त्या बाजूने, कपडा पारखावा तसं. "तिसऱ्या टेबलावर? ती लिहीत बसती ती? बया! पण तू तर कदी बोलतच न्हाईस."

"आज बोलणार आहे."

"काय बोलणार?"

रतनने वाक्य सांगितलं. हौसाबाईला त्यातलं काय कळलं देव जाणे, पण ती कंबरेवर हात ठेवून हसली. "म्हंजे हार घालून झाल्यावर! आरं देवा. मग त्यो परत खुर्चीत बसनार?" हसून झालं आणि ती लगेच ताळ्यावर आली. "साडी देते. पन मी काय नेसून जाऊ? ह्या गाठोड्यातली? बदली दे."

रतनने पिशवी उघडली. आत तिची वांगी रंगाची साडी होती. समीक्षाच्या साखरपुड्याला घेतलेली, एकदाच नेसलेली. मोरपंखी नाहीच मिळाली तर हिच्यावर मॅडमना विनवून बघावं म्हणून तिने ती बरोबर घेतली होती.

"रतन, ती नको. अगं, लेकीच्या साखरपुड्याची साडी आहे ती," मी म्हटलं.

"वहिनी, घड्याळात बघा."

हौसाबाईने वांगी साडी उजेडात धरली. पदर चोळला. काठ नखाने उचकटून पाहिला. उलटी केली, सुलटी केली, निऱ्यांच्या जागी बोट फिरवलं. "भोक न्हाई ना?"

"एकदा नेसलीय!" आम्ही दोघी एकदम ओरडलो.

"विचारायला लागतं," ती शांतपणे म्हणाली. "बरं, घेते. आन ह्या ताई पुढच्या येळी घासाघीस करनार न्हाईत."

मी मान डोलावली. त्या क्षणी मी घराची किल्लीसुद्धा दिली असती.

रतनने मोरपंखी तिथेच, गाठोड्यांच्या आडोशाला नेसली. "पिशवीत ठेव ना, चुरगळेल," मी म्हटलं तर म्हणाली, "नको. अंगावर असली की कोणी काढून घेत नाही." तेव्हा मला ते बोलणं उगाच वाटलं होतं.

पुढचा प्रवास शत्रूच्याही वाट्याला येऊ नये. मोबाईलवरून गाडी बोलावली. ती आली तेव्हा पावणेनऊ झाले होते. शीळफाट्याला जे अडकलो ते अडकलोच. पुढे कंटेनर, मागे कंटेनर, डावीकडे टँकर. रतन ताठ बसली होती, निऱ्या मोडू नयेत म्हणून गुडघे जुळवून, आणि पुटपुटत होती.

"साहेब, तुमची तारीख पुढच्या वर्षीची आहे. साहेब, तुमची तारीख... साहेब..."

दहा मिनिटांनी ड्रायव्हरने आरशातून पाहिलं. "मॅडम, कोर्टाची तारीख का? माझ्या भावाची पण सारखी पुढे जाते."

"नाही हो दादा. रिटायरची."

"ती तर बरीये की पुढे गेली तर," तो म्हणाला आणि टँकरवाल्याला शिवी घालता घालता, मागे बायका आहेत हे आठवून, थांबला.

साडेनऊला संचिताचा फोन आला. रतनने स्पीकरवर घेतला. "मोरपंखी कुठे पोहोचली?"

"मॅडम, शीळफाट्याला."

"अजून? सर ओरडतायत. साडी आहे ना पण?"

"आहे मॅडम."

"मग लवकर या," म्हणून फोन बंद. रतन कशी आहे, वाक्य पाठ झालं का, काही नाही. साडी आहे ना पण. मला इतका राग आला की मी खिडकीची काच वर केली आणि खाली केली. रतन पुन्हा पुटपुटायला लागली.

घोडबंदर रोडला वळेपर्यंत साडेदहा झाले होते. तिथे वेगळा खोळंबा. सेटच्या दारात पोपट उभाच होता. टी-शर्ट आत खोचलेला, दोन कानांना दोन फोन.

"रतनताई, पन्नास मिनिटं! माझं नाव खराब होतं ना! चला, पटकन साडी सोडा. ह्या शोभाताई तयार आहेत, त्यांना नेसवतो. दिग्दर्शक म्हणाले, ती बाई आली नाही तर दुसरी घ्या, साडी तेवढी तीच पाहिजे."

शोभाताई बिचारी बाजूला संकोचून उभी होती. तिचा काही दोष नव्हता.

"बाई आलीय की," रतन म्हणाली.

"अहो, पण आता ठरलं..."

"पोपटराव, साडी माझ्या अंगावर आहे. मी इथून हलणार नाही आणि ही पण हलणार नाही."

पोपटने माझ्याकडे पाहिलं, मी कोणी मोठी असेन अशा आशेने. मी म्हटलं, "साडी माझी आहे. मी हिलाच दिलीय." दोन-सव्वादोन तासांपूर्वीपर्यंत ती साडी माझी नव्हती आणि आताही तशी नव्हतीच, पण ते त्याला सांगण्याची गरज नव्हती.

आत गेलो. टीव्हीवर ती कचेरी केवढी मोठी दिसते! प्रत्यक्षात आमच्या सोसायटीच्या हॉलएवढी. खिडकीबाहेरचं कडुनिंबाचं झाड कापडावर रंगवलेलं. कपाटातल्या फायली म्हणजे पुठ्ठ्याचे रिकामे खोके. भिंतीवरच्या घड्याळात कायम सव्वाअकरा. एकच गोष्ट खरी होती. तिसऱ्या टेबलावरचं रजिस्टर. लाइट लावेपर्यंत मी ते उघडून पाहिलं. दोन वर्षांच्या नोंदी, रतनच्या रेखीव अक्षरात, रकाने आखून. "आवक क्र. ३०७: चहा, उशिरा. आवक क्र. ३०८: नवीन पंखा, फिरत नाही. जावक क्र. ९१: जुना साहेब (नट बदलला)." कॅमेऱ्यात मान खाली घालून ती हे लिहीत असते. दोन वर्षं कोणी उघडूनही पाहिलं नव्हतं.

संचिता कागदांचा गठ्ठा घेऊन आली, रतनच्या निऱ्या पाहिल्या, पदर फोटोशी ताडून पाहिला, घड्याळ डाव्या हातात आहे ना ते पाहिलं. "परफेक्ट. वाक्य माहितीये ना? एकदाच मिळेल हां, साहेबांना एक वाजता दुसऱ्या शूटिंगला जायचंय."

एक वाजता जायचं म्हणून साहेब साडेबारापर्यंत मेकअपच्या खोलीतून बाहेर आले नाहीत. आम्ही बसून राहिलो. म्हणजे मी बसले. रतन उभी होती, साडी चुरगळेल म्हणून. जवळजवळ दोन तास उभी. चहाही घेतला नाही, सांडला तर काय.

शेवटी साहेब आले. गळ्यात हार घातले गेले. सगळे आपापल्या जागी. पडद्यामागून दिग्दर्शकाचा आवाज आला आणि सगळं गप्प झालं. साहेब डोळे पुसत दाराकडे चालले. रतनने सेवापुस्तक उचललं, मान वळवली, "साहेब..." म्हणाली आणि बाहेर कुठेतरी नव्या इमारतीवर ड्रिल सुरू झालं.

"कट!"

दुसऱ्या वेळी हार साहेबांच्या चष्म्यात अडकला. "कट!" साहेबांनी घड्याळ पाहिलं. मी बाकाची कड घट्ट धरून बसले होते. पोपट शोभाताईच्या कानात काहीतरी सांगत होता.

तिसऱ्या वेळी रतन वळली. कॅमेऱ्याकडे तिने पाहिलंच नाही. सेवापुस्तकातल्या नोंदीवर बोट ठेवलं, चष्म्यावरून साहेबांकडे बघितलं, जसं ती कारखान्यात चुकीची पेटी नेणाऱ्या ट्रकवाल्याकडे बघायची, आणि अगदी साध्या, थोड्या कंटाळलेल्या आवाजात म्हणाली, "साहेब, तुमची तारीख पुढच्या वर्षीची आहे."

वाक्य पुरं होण्याआधीच साहेब वळले. हार गळ्यात तसेच. त्यांचा चेहरा असा काही पडला की वर लाइटच्या शिडीवर बसलेला माणूस फस्सकन हसला. मग खालचा हसला. मग पडद्यामागून दिग्दर्शक हसत बाहेर आला. शोभाताईसुद्धा हसली. मी तर डोळे पुसत होते.

"ओके! मस्त! झालं!" सगळ्यांनी टाळ्या वाजवल्या. साहेबांनी हार काढून रतनच्या हातात दिले, "बाई, घाबरवलंत तुम्ही मला," म्हणाले आणि गेले. रतन तिथेच उभी, हातात चार हार, आणि मी लग्नाला आल्यासारखी तिला मिठी मारली.

तेवढ्यात कानाला हेडफोन लावलेला आवाजवाला पुढे आला. "सर, वाक्यावर हसण्याचा आवाज चढलाय. शेवटचे दोन शब्द गेले."

"परत घेऊ या?" संचिता म्हणाली.

"साहेब गेले ना. गाडी निघाली," पोपटने बातमी दिली.

दिग्दर्शकाने डोकं खाजवलं. "चित्र उत्तम आहे. आवाज नंतर भरू. डबिंगला बघ."

"हो सर," संचिताने कागदावर लिहिलं. "डबिंगला ती अंधेरीची मुलगी असतेच. मागच्या सगळ्या बायकांचे आवाज तीच देते. तिच्याकडून करून घेते." आणि ती पुढच्या कामाला वळली. कोणाच्याही मनात काही वाईट नव्हतं. त्यांना वाटलं, प्रश्न सुटला.

तशी मी शांत बाई आहे. पण त्या वेळी माझ्या तोंडाशी जे जे आलं ते छापण्यासारखं नाही. सकाळपासून भेंडी ओट्यावर पडली होती, लेकीच्या साखरपुड्याची साडी बोहारणीकडे गेली होती, शीळफाट्यावर आयुष्याचा पाऊण तास गेला होता, आणि आता कोण कुठली अंधेरीची मुलगी वातानुकूलित खोलीत बसून ते वाक्य बोलणार. मी पोपटकडे निघालेच होते. रतनने माझा हात धरला.

"वहिनी, तुम्ही नका. तुम्ही रागाने बोलाल."

तिने हार टेबलावर नीट ठेवले. रजिस्टर उघडलं, नोंद केली, बंद केलं. पदर सारखा केला आणि संचिताच्या खुर्चीपाशी जाऊन उभी राहिली. संचिता फोनवर होती. रतन थांबली. फोन संपला, दुसरा आला. रतन थांबली.

"काय झालं ताई? जेवण लागलंय बाहेर. लवकर जायचंय का? जा ना, तुमचं झालं आज," संचिता घाईघाईने म्हणाली.

"नाही मॅडम. जेवणाचं नाही."

"मग? साडी खराब झाली का?"

"साडीचं पण नाही."

संचिताने पहिल्यांदा फोन खाली ठेवला आणि वर पाहिलं.

रतन म्हणाली, "मॅडम, डबिंग ज्या दिवशी असेल त्या दिवशी मला बोलवा. ते वाक्य मीच बोलेन."